आईची हाक असलेली डिस्क

तुमच्या घरात अशी एक तरी गोष्ट आहे का, जी तुम्हाला न विचारता कुणाला बदलता येणार नाही?

घाईनं उत्तर देऊ नका. वर्षापूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर मी "ढीगभर आहेत" म्हणून मोकळी झाले असते. ढीग आमच्याकडे होतेच. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत खाटेखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागं वाटायच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे आणि वाटायचे. पाण्याच्या पाळ्यांवर, गळक्या वर्गखोल्यांवर, हुंड्यावर, रोजंदारीवर. मी मुळाक्षरं गिरवली ती छपाईत बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आणि वाचायला शिकले ती त्यांच्या पुढच्या बाजूवर. इतर मुलांच्या गोष्टी "एक होता राजा"नं सुरू व्हायच्या, माझ्या "बंधू-भगिनींनो"नं. लिहिताना माझा आवाज चढतो तो तेव्हापासूनचा. त्याची माफी मागायची मला गरज वाटत नाही.

बाबांचा एक नियम होता. घरात राहिलं ते पत्रक रद्दी, लोकांच्या हातात गेलं तेच पत्रक. छापलेल्यातली एकही प्रत ते मागं ठेवत नसत. कुणी मित्रानं फाइल करून ठेवली की म्हणायचे, "संग्रहच करायचा तर पोस्टाची तिकिटं जमव ना." आम्ही हसायचो. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

मी तिसरीत असताना बाबा आणि त्यांचे तीन मित्र या निष्कर्षाला आले, की लहान मुलं पत्रक वाचत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी पत्रक चालतं-बोलतं करायला हवं. म्हणून त्यांनी मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा करायला घेतला. कुणालाच तो करता येत नव्हता. शाडूच्या मातीची एक शेळी, तिच्या पायांत तारा, एक पोरगी, तिची आई, आणि निळ्या पॉलिथिनचा पाट. एक फोटो काढायचा, शेळीचा पाय तसूभर पुढं सरकवायचा, पुन्हा फोटो. ऐन मे महिन्यात पंखा बंद, कारण वाऱ्यानं पॉलिथिनचं पाणी हलायचं. मला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. दिवसभरात शेळी एक वीत चालली, की संध्याकाळी चौघं चहा घेताना असे बोलायचे जणू धरणच बांधून आलेत.

गोष्ट साधी होती. मुलीची शेळी पाट ओलांडून पलीकडं जाते. पाटाला पाणी सुटणार असल्याची नोटीस झाडाला लावलेली असते. मोठ्यांपैकी कुणाला ती वाचता येत नाही, मुलीला येते. पाणी यायच्या आत शेळीला हाक मारून अलीकडं आणायचं. अर्थात पत्रकच ते. पण शेळीला कान होते आणि ती ते हलवायची, हे आमच्या आधीच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

आवाज द्यायला कॉलेजात नाटकं करणारी एक मुलगी आली होती. सगळी वाक्यं तिनं छान म्हटली. हाक मात्र जमेना. चौथ्या-पाचव्या वेळेला आई चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"अशानं शेळी येत नाय," ती म्हणाली. "ही तर शेळीला लग्नाचं आमंत्रण देतीय."

आई मेंढपाळांच्या घरातली. लग्न होईपर्यंतची तिची वर्षं हर्सूलच्या पलीकडच्या माळांवर शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेली. बाबा म्हणाले, "मग तूच मार." तिनं हात पदराला पुसले आणि माईकपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन, पार मोरीच्या दाराशी उभी राहिली. एक मित्र म्हणाला, "वहिनी, जवळ या, आवाज नीट येणार नाही." आई म्हणाली, "शेळी जवळ असती तर हाक कशाला मारली असती?"

आणि तिनं हाक मारली. आधी जिभेची घरघर, मग दोनदा तुटक "यो, यो", आणि शेवट असा वर ओढलेला, की तो माळ चढून गेल्यासारखा वाटे. खाली गल्लीत कुणाचातरी बोकड बांधलेला होता. त्यानं उत्तर दिलं. तेही रेकॉर्ड झालं आणि चौघांनी एकमतानं ते तसंच ठेवलं. नाटकातली ती मुलगी मनानं मोठी. म्हणाली, मुलीचा आवाज मी देते, आईची सगळी वाक्यं यांच्याकडूनच घ्या. शेवटी शेळी येते, बाहुलीतली आई तिला शिव्या घालते आणि शिव्या घालता घालता हसायला लागते. ते हसू माझ्या आईचं.

दोनशे डिस्का झाल्या. एका मित्राच्या कॉम्प्युटरवर एकेक करून. प्रत्येक डिस्कवर काळ्या मार्करनं शेळी काढायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्या पन्नासेक शेळ्यांना चार पाय आहेत. पुढं मी कंटाळले आणि तीनच काढले. बाबांनी त्या शाळांना, अंगणवाड्यांना, वाटेत भेटेल त्याला वाटल्या. पैठणच्या वाटेवर एसटी जिथं जिथं थांबते तिथं तिथं आमची शेळी उतरली. घरात एकही राहिली नाही. ठेवली असती तरी लावायला आमच्याकडं प्लेअर नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे. पण आवाज गेला तो गेला, उरली ती कुजबुज. आम्हाला जेवायला बोलवायचं तर ती ओट्यावर पेला वाजवते. रागावली की दोनदा वाजवते.

त्याच काळात मी घरी स्ट्रीमिंग घेतलं. इथं मला सरळ सांगायला हवं, की मी त्याची शत्रू नाही. आईनं आणि मी त्या टीव्हीवर जगभरचं ॲनिमेशन पाहिलं. वाळूची चित्रं, कागदाची कात्रणं, लोकरीची अस्वलं, ज्यांत एक शब्दही नाही असे सिनेमे. ते बघायला मला पूर्वी कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या महोत्सवाला जावं लागलं असतं आणि आईला तर कुणी नेलंच नसतं. आईची पारख पक्की आहे. एकदा कोल्ह्याचं चित्र बघताना माझा हात दाबून कुजबुजली, "ह्या माणसाला जनावर कळतंय. बघ, आधी शेपटी हलवली, मग पाय." अशी दुपार ज्या यंत्रानं दिली त्याला मी नावं ठेवणार नाही.

मग एका रविवारी त्याच यादीत आमची शेळी दिसली. बाबांच्या एका मित्रानं मुलांचे जुने सिनेमे गोळा करणाऱ्या कुठल्याशा कंपनीला ती दिली होती. बाबांनीही कागदावर सही केली होती. वाटायला मिळतंय म्हटल्यावर बाबा कशावरही सही करतात. मी आईला हाक मारून बसवलं. काय लावतेय ते सांगितलं नाही. चित्र स्वच्छ केलेलं होतं, पाट खरंच निळाशार दिसत होता. मुलगी नोटीस वाचते, आईकडं धावते, आई माळावर येते, तोंड उघडते.

दुसऱ्याच बाईचा आवाज आला. गोड, स्पष्ट, शिकवलेला. "ये गं माझ्या राणी, लवकर ये." बोकडही पुसून टाकला होता.

आईनं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "बाई चांगली हाय. पण शेळी येणार नाय."

मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माझा कुठंय?"

आमच्याकडं तिचा दुसरा आवाज नाही. लग्नाची कॅसेट नाही. फोनमधले व्हिडिओ आहेत, पण त्यांत ती बहुतेक वेळा "बंद कर ते" एवढंच म्हणते. तिचा आवाज एकाच ठिकाणी मनापासून सांडलेला होता, आणि तिथून तो कुणीतरी काढून घेतला होता.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर नम्र होतं. सर्व भागांतल्या प्रेक्षकांना समजावं म्हणून आवाज नव्यानं घेतला आहे, मूळ ध्वनी आता आमच्याकडं नाही, आपल्या प्रेमाबद्दल आभार. मी पेटले. रात्र पडायच्या आत तीन पानी पत्रक लिहून बाबांसमोर टाकलं. न विचारता बदललेला आवाज म्हणजे काय, कुणाची भाषा "समजते" आणि कुणाची पुसली जाते, सगळं होतं त्यात. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाले, "लिहिलंस छान. आरोपी चुकलाय. दोनशे प्रती होत्या. एक न ठेवणारा मी आहे."

त्या दिवशी आई ओट्याशी उभी होती. तिनं पेला वाजवला नाही.

मग आम्ही शोधायला लागलो. मित्रानं आपली एकुलती प्रत कंपनीलाच देऊन टाकली होती, आणि ज्या कॉम्प्युटरवर डिस्का झाल्या तो केव्हाच भंगारात गेला होता. बाबांना आठवतील ती गावं आठवून मी रविवारी एसटीनं जायला लागले. तिसऱ्या रविवारी पैठण रस्त्यावरच्या एका गावात, बसथांब्याजवळच्या मळ्यात, डाळिंबाची झाडं लांबूनच चमकताना दिसली. फांद्याफांद्यांना डिस्का टांगलेल्या. पाखरं उजेडाच्या तिरिपीला भितात म्हणून.

मळ्याचे मालक साठीपुढचे होते. मी काय शोधतेय ते सांगितल्यावर म्हणाले, "सीडी? लई हायत की. लग्नाच्या हायत, कीर्तनाच्या हायत, साडूच्या पोराच्या बारशाची हाय. लागतील तेवढ्या तोडून घ्या, डाळिंब तेवढं तोडू नका."

मी एकेक डिस्क उलटी करून बघत गेले. सहाव्या की सातव्या झाडावर माझी शेळी सापडली. तीन पायांची.

"ही कुणी दिली, काका?"

"एक भाऊ यायचे इकडं, खांद्याला पिशवी, चपला झिजवीत. म्हणले, घरात ठेवायची नाय बरं का, लोकांत जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचे वडील का? मग सांगा त्यांना. लोकांत नाय गेली, रानात गेली."

उन्हापावसानं डिस्कवरचा चंदेरी थर सोलून निघाला होता. डोळ्यासमोर धरली तर आरपार आभाळ दिसत होतं. माझा चेहरा बघून काका जरा नरमले. "पाखरं अजून भेतात तिला," म्हणाले. आणि मग, "शाळेतल्या बाईंकडं बघा एकदा. त्या बाई काई म्हणून टाकीत नाहीत."

शाळा जिल्हा परिषदेची, चार खोल्यांची. रविवार असूनही मुख्याध्यापक बाई कसलेसे तक्ते पुरे करत बसल्या होत्या. मी शेळीचा सिनेमा म्हणताच त्या उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि आधी डिस्क काढली नाही, रजिस्टर काढलं. डेडस्टॉकचं. शाळेतली खुर्ची, घंटा, तराजू, नकाशा, जे जे म्हणून वापरून संपत नाही त्याची नोंद असलेलं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बघा. भेट म्हणून आलेली. नोंद घेतली त्या दिवसापासून ती शाळेची. मला टाकता येत नाही, कुणाला देताही येत नाही."

आम्ही सरकारी दप्तरांविरुद्ध निदान चार पत्रकं काढली होती. एकाचं शीर्षक मला अजून पाठ आहे. मी ते मनातल्या मनात सुद्धा म्हटलं नाही.

डिस्क धुतलेल्या मऊ फडक्यात गुंडाळलेली होती. बाईंनी ती कडेनं उचलली, तर्जनी मधल्या भोकात घालून. चार पाय. "वर्षातून एकदाच लावते," त्या म्हणाल्या. "शाळा सुरू झाली की पहिल्या शनिवारी, नव्या पहिलीसाठी; बाकीची पोरंही येऊन बसतात. जास्त लावून झिजते का, मला ठाऊक नाही. पण आपण आपलं जपावं."

मी आईचं सगळं सांगितलं आणि एका दिवसापुरती डिस्क मागितली. नाही म्हणाल्या. मी वाद घातला. नियम माणसासाठी असतात की माणसं नियमांसाठी, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही त्या भाऊंची मुलगी ना? बोलणं त्यांच्यावर गेलंय." मग डिस्क पुन्हा फडक्यात गुंडाळत म्हणाल्या, "ती बाहेर जाणार नाही. तुमच्या आईंना आत आणा. शनिवारी यंदा आणखी एकदा लावते."

शनिवारी सकाळची शाळा. आई, बाबा आणि मी पहिल्या एसटीनं गेलो. बाबांच्या पिशवीत त्या दिवशी वाटायला काही नव्हतं, तरी पिशवी होतीच. बाईंनी पोरांना आईबद्दल काही सांगितलं नाही, "पाहुणे आलेत, सरका," एवढंच. आई भिंतीला टेकून सतरंजीवर बसली. प्लेअरचा ट्रे आपणहून उघडत नव्हता. बाईंनी फुटपट्टीचं टोक घालून तो सरावानं बाहेर ओढला.

चित्र कंपनीच्या मानानं मळकट होतं. पॉलिथिन पॉलिथिनसारखंच दिसत होतं. मुलीनं नोटीस वाचली. आई माळावर आली. आणि टीव्हीतली हाक सुरू होण्याच्या क्षणभर आधी माझ्या लक्षात आलं, की वर्गातल्या सगळ्या पोरांनी श्वास भरून घेतलाय.

मग हाक आली. टीव्हीतून एक आणि वर्गातून चाळीस. घरघर, "यो, यो", आणि वर ओढलेला शेवट. लगेच पुढच्या रांगेतल्या एका पोरानं ठरल्यासारखा बोकड काढला. ते त्याचं राखीव काम होतं म्हणे, पहिलीपासून.

मी आईकडं पाहिलं. तिचा हात गळ्याशी होता.

"आमच्या शेळ्या ह्यानंच येत्यात," शेजारची एक मुलगी तिला सांगत होती. "दुसऱ्यानं नाय येत." बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गावात आता असंच बोलवतात. कुणी शिकवलं, ते कुणाला आठवत नाही."

आईनं त्या मुलीला जवळ ओढलं. "नीट मारता," ती कुजबुजली, "शेवट खाली सोडता." मुलीला कळेना. मग आईनं आपला हात तिच्या हनुवटीखाली धरला आणि हळूहळू वर नेला, डोक्याच्याही वर. मुलगी हाताबरोबर आवाज नेत गेली. हात जिथं थांबला तिथं हाक थांबली. बाबा खिडकीकडं तोंड करून उभे होते.

शेवटची दोन मिनिटं आली नाहीत. शेळी पाटाच्या काठाशी येते आणि चित्राचे चौकोन होतात, आवाज कुरकुरतो, प्लेअर थांबतो. डिस्कच्या कडेला एक चरा आहे. "इथून पुढं मी तोंडी सांगते," बाई म्हणाल्या आणि पोरांना शेवट सांगितला, बाहुलीतल्या आईच्या शिव्यांसकट, फक्त शिव्या शाळेला शोभतील अशा करून. पोरं हसली. हसायचं कुठं तेही त्यांना पाठ होतं.

मी लॅपटॉप नेला होता. "नक्कल काढायला मनाई कुठं लिहिलेली नाही," असं बाईंनी स्वतःशी पुटपुटून परवानगी दिली आणि नक्कल होईपर्यंत डिस्कशेजारी खुर्ची टाकून बसल्या. चऱ्यापुढचं लॅपटॉपलाही वाचता आलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी त्या नकलेच्या दहा डिस्का करवून आणल्या. नऊ पिशवीत घातल्या. दहावी हातात घेऊन बराच वेळ घुटमळले, मग देवळीत ठेवली, आईच्या औषधांशेजारी. त्यांच्या हातून घरात ठेवली गेलेली ही पहिली प्रत. आईनं पेला एकदाच वाजवला.

ती हाक आता आई रोज ऐकते म्हणावं तर तसं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी लावते. संपलं की म्हणते, "हसले होते ना मी शेवटी? कशी हसले होते?" मी तिसरीत होते, मला आठवत नाही. बाबांना आठवतं, पण त्यांना ते करून दाखवता येत नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. आज घरातलं कपाट उघडा, टीव्हीखालचा खण उघडा, मळा असेल तर मळ्यात जा आणि झाडांना टांगलेल्या डिस्का उतरवून उलटसुलट करून बघा. टांगायच्या आधी प्रत्येक डिस्क एकदा कुठंतरी लावून पाहा. तुमच्याही घरातलं कुणीतरी तिच्यात बोलत असेल. आणि एखादीवर काळ्या मार्करनं काढलेली शेळी दिसली, तीन पायांची असो की चार, तर ती मला शोधत आणून देऊ नका. मऊ फडक्यात गुंडाळा, जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत न्या आणि डेडस्टॉकला नोंद करून घ्या. नोंद झाल्याशिवाय तिथून हलू नका. मी शाळा शाळा फिरतेच आहे.